शीड संग्रहालयात होतं, कला नव्हती

‘परदेशी संग्रहालयांनी सांभाळल्या म्हणून मूळ रहिवाशांच्या विणकामाच्या कला वाचल्या, आता त्यांचीच नातवंडं तिथे जाऊन त्या शिकतात.’ हे वाक्य हल्ली वारंवार वाचायला मिळतं. उदाहरण बहुधा ‘ते रा’चं: न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, होड्यांच्या जुन्या विणलेल्या शिडांपैकी हे एकच उरलंय, वय दोनशे वर्षांहून जास्त, मुक्काम लंडनचं ब्रिटिश म्युझियम.

वस्तू टिकली, हे खरंच. पण ते कुणी विणलं, लंडनला नेमकं कसं पोचलं, याची खात्रीची नोंद नाही. सांभाळणं म्हणायचं तर एवढंच.

‘कला संपलीच होती’ हे मात्र साफ खोटं. माओरी विणकर रांगिमारिए हेटेट (१८९२–१९९५) जन्मभर विणत होत्या. १९५१ साली माओरी विमेन्स वेल्फेअर लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यामार्फत त्यांनी आपल्या जमातीबाहेरच्या बायकांनाही शिकवलं. त्यांची लेक डिगरेस ते कनावा हिनेही तेच केलं. हाराकेके म्हणजे ज्याच्या लांब पात्यांपासून माओरी विणतात ते झुडूप. त्याची पाती कापायची रीतच बघा. मधला कोवळा कोंब म्हणजे बाळ, त्याला दोन्हीकडून बिलगलेली पाती म्हणजे आईबाप. त्यांना हात लावायचा नाही. कापायची ती बाहेरची, आजीआजोबांची पाती. हे ज्ञान कुठल्या कपाटात ठेवलेलं नव्हतं. ते आईकडून लेकीकडे आलं.

मग विणकर लंडनला कशाला गेले? शीड तिथे आहे म्हणून! शिंदीच्या पानांची चटई विणताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल. शिडात तेरा पट्ट्या, मागाशिवाय हातांनी विणून एकमेकींना जोडलेल्या, आणि विणीतच सोडलेल्या भोकांची नागमोडी नक्षी. पट्टी पट्टीला कशी जोडलीय, हे फोटोवरून उलगडत नाही. आणि समोर शीड असलं तरी ते वाचायला आधी विणता यावं लागतं. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडच्या नॉर्थलँडमधल्या माओरी विणकरांना ते येत होतं, म्हणून तर त्यांनी नवं शीड विणलं.

‘परत दिलं तर जपणार कोण?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त खुपतो. २०२३ मध्ये ‘ते रा’ न्यूझीलंडमध्ये आलं, पण उसनं. १९६३ चा ब्रिटिश कायदा संग्रहातली वस्तू सहसा देऊ देत नाही, असं सांगतात. कायदा संसदेने केलाय, संसद बदलू शकते. आणि परत दिलेलं जपलं जातं, याचं उदाहरण आहेच. हवाईचा राजा कलानिओपुऊ याने १७७९ मध्ये कॅप्टन कुकला दिलेला पिसांचा झगा १९१२ पासून न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या संग्रहालयात होता. तो २०१६ मध्ये हवाईतल्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये गेला, आधी दीर्घ मुदतीवर, मग कायमचा. तिथे तो नीट जपला जातोय.