मसाविची ‘वजाबाकी ट्रिक’ अर्धवट आहे, फॉरवर्ड करू नका

एक मेसेज फिरतोय की दोन संख्यांची वजाबाकी केली की येतो तोच मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन्ही संख्यांना पूर्ण भाग जाणारी सर्वात मोठी संख्या). हे चुकीचंय. १२ आणि १८ ला जमतं, फरक ६ आणि मसावि पण ६, म्हणून खरं वाटतं, पण २० आणि २८ घ्या, फरक येतो ८ आणि ८ ने २० ला भागच जात नाही, मसावि आहे ४. मसाविने फरकाला भाग जातो एवढं मात्र नक्की, म्हणून एकदाच करून थांबायचं नाही, मोठीतून लहान वजा करत राहायचं: २८-२०, २०-८, १२-८, ८-४, शेवटी उरतात ४ आणि ४, दोन्ही संख्या सारख्या झाल्या की तोच मसावि. ग्रीक गणिती युक्लिडची ही रीत २००० वर्षांहून जुनी आहे, किती सुंदर! तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, मुलं पेपरात तेच लिहितील.