ग्राफिक्स कार्ड बदललं म्हणून गेम सुधारत नाही

नवा कन्सोल (गेम खेळायचं खास मशीन) येणार म्हटलं की एक दावा हमखास फिरू लागतो: हार्डवेअर जितकं तगडं, तितके गेम चांगले, जुन्या मशीनमुळेच सगळं अडलंय. हा दावा मला पटत नाही.

‘ताकद वाढली की गेम सुधारतात.’ १९८९ साली आलेल्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या कन्सोलचा पडदा एकरंगी होता, मागून उजेडही नव्हता. त्याच वर्षीच्या अटारी लिंक्सचा पडदा रंगीत आणि उजळ होता. तरी मैदान मारलं गेम बॉयनं, आणि त्यात वरून पडणारे तुकडे रचायच्या टेट्रिस या गेमचा वाटा मोठा. अलेक्सेई पाजित्नोव्हनं १९८४ मध्ये तो ज्या संगणकावर लिहिला, त्यावर ग्राफिक्सच नव्हते. तुकडे कंसाच्या चिन्हांतून उभे केलेले. आजच्या ग्राफिक्स कार्डानं त्यात काय सुधारणार?

‘कमकुवत मशीन कल्पनाशक्तीला बांधून ठेवतं.’ उलटंही होतं. स्पेस इन्व्हेडर्समध्ये (१९७८) शत्रू कमी झाले की उरलेले वेगानं सरकतात, कारण आकृत्या कमी उरल्यानं प्रोसेसरवरचा भार उतरतो. गेमचा निर्माता तोमोहिरो निशिकादोनं हा परिणाम मुद्दाम तसाच ठेवला. गेमचा सगळा थरार तिथेच आहे.

‘ताकदीशिवाय नव्या प्रकारचे गेम येत नाहीत.’ हा मुद्दा खरा आहे. सुपर मारिओ ६४ (१९९६) आधीच्या पिढीच्या कन्सोलवर शक्यच नव्हता. पण तिथे ताकद वापरली गेली खेळाडूला मोकळं हिंडता यावं म्हणून. आता तीच ताकद बरेचदा त्वचेवरची रंध्रं आणि डबक्यातली प्रतिबिंबं दाखवण्यात जाते. असला प्रत्येक तपशील कुणीतरी बसून घडवायचा असतो; त्यात वर्षं जातात, बजेट फुगतं आणि एवढा पैसा लावल्यावर नवा प्रयोग करायला कुणी धजावत नाही. मला सर्वात जास्त खटकतं ते हे.

‘सायबरपंक २०७७ हा गेम जुन्या कन्सोलमुळे फसला.’ पीएस४ (सोनीचा जुना कन्सोल प्लेस्टेशन ४) वर तो इतका मोडका होता की सोनीनं डिसेंबर २०२० मध्ये आपल्या स्टोअरवरून काढला, हे खरंच. पण गुन्हा केला की पोलीस पाठीमागे अचानक प्रकटायचे, ते महागड्या पीसीवरही! सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटमध्ये पोलिसांची यंत्रणा आणि कौशल्यांची रचना नव्यानं बांधली. हा अपडेट पीएस४ ला मिळाला नाही. मात्र २०२० मधलंच तगडं कार्ड वापरत राहिलेल्यांनाही, एकही सुटा भाग न बदलता, आधीपेक्षा चांगला गेम खेळायला मिळाला.