डोमेनचा कोड शेवटच्या दिवशी मागायचा नसतो

माझ्या भाचीचं सांगलीत फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिच्या डॉट कॉम डोमेनची मुदत संपत आलीय आणि तिला ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, न्यायचंय. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, मग मी शेवटच्या दिवसापर्यंत थांबते.’ तोच फॉरवर्ड काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. म्हणून आता सविस्तरच लिहितो.

त्यात सांगितलंय ते असं: ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेताना लागणारा गुप्त कोड) मुदतीच्या शेवटच्या दिवशीच मागा, नाहीतर भरलेले पैसे वाया जातात. ट्रान्सफर चालू असताना साइट आणि मेल सात दिवस बंद राहतात. होस्टिंगचं बिल थकलं असेल तर कंपनी कोड अडवू शकते. आणि लॉगिनशिवाय कोडचा कोणालाच उपयोग नसतो, तेव्हा तो ग्रुपवर टाका, कोणीतरी जाणकार काम करून देईल.

पहिला सल्ला सगळ्यात घातक. पैसे वाया जातात कुठे? डॉट कॉमच्या ट्रान्सफरमध्ये एक वर्षाचं नूतनीकरण धरलेलं असतं आणि ते वर्ष जुन्या मुदतीच्या पुढे जोडलं जातं. मुदत 20 मार्च 2027 असेल आणि तुम्ही जानेवारीतच ट्रान्सफर केलं, तर नवी मुदत 20 मार्च 2028. एक दिवसही बुडत नाही. एकूण मुदत दहा वर्षांपलीकडे जात नाही, एवढीच मर्यादा.

आता शेवटच्या दिवशी काय होतं ते बघा. आयकॅन म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या ट्रान्सफर पॉलिसीनुसार तुम्ही मागितल्यापासून कोड द्यायला रजिस्ट्रारला पाच दिवसांची मुभा आहे. नव्या रजिस्ट्रारने विनंती टाकल्यावर जुन्याला उत्तरासाठी आणखी पाच दिवस. या दहा दिवसांत मुदत टळून गेली, तर साइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसू शकतं आणि पेशंटचे मेल परत जाऊ शकतात. डोमेन पुढे रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे रद्द झाल्यानंतरच्या सोडवणुकीच्या काळात, गेलं, तर ट्रान्सफर होतच नाही. ते आधी जुन्याच कंपनीकडून सोडवून घ्यावं लागतं, आणि त्याचं शुल्क नेहमीच्या नूतनीकरणाच्या कितीतरी पट असतं.

पैसे वाया जाण्याच्या या अफवेला थोडा आधार आहे, हे मान्य करावं लागेल. मुदत संपल्यावर जुन्याच कंपनीकडे नूतनीकरण केलं आणि त्यानंतर 45 दिवसांच्या आत ट्रान्सफर केलं, तर ते नूतनीकरणाचं वर्ष हिशोबातून गळू शकतं. पण या सापळ्यात सापडतो कोण? शेवटच्या दिवसापर्यंत थांबलेलाच! महिना-दीड महिना आधी काम उरकणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

कोड ग्रुपवर टाकण्याचा सल्ला वाचून तर संताप आला. ट्रान्सफरची विनंती नव्या रजिस्ट्रारकडे करतात, तिथे फक्त डोमेनचं नाव आणि हा कोड लागतो. जुन्या खात्याचं लॉगिन कोणी विचारतच नाही. डोमेन दुसरीकडे जाऊ न देणारं लॉक तुम्ही ट्रान्सफरसाठी काढलेलं असतं, कोड ग्रुपमधल्या सगळ्यांसमोर असतो, त्यातला कोणीही तो स्वतःच्या खात्यातून वापरू शकतो. जुना रजिस्ट्रार तुम्हाला मेल पाठवतो, पण पाच दिवसांत कोणीच हरकत घेतली नाही तर ट्रान्सफर मंजूर धरलं जातं. तो मेल स्पॅममध्ये पडला तर? कोड स्वतः कॉपी करा, स्वतः पेस्ट करा. मागेपुढे स्पेस राहिली तर तो चालत नाही. बघून टाइप करू नका, शून्य आणि इंग्रजी ओ यांत हमखास गफलत होते. कुठे चुकून शेअर झालाच, तर लॉक परत लावा आणि नवा कोड घ्या.

साइट सात दिवस बंद राहते हेही खोटं. डोमेनवरून साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर म्हणजे नेमसर्व्हर, ते ट्रान्सफरमध्ये बदलत नाहीत. फक्त डीएनएस (हे पत्ते सांगण्याची सेवा) जुन्या कंपनीचंच वापरत असाल आणि त्यांनी ते नंतर बंद केलं, तर अडचण येते. तेव्हा ए, एमएक्स आणि टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे साइट आणि मेलच्या डीएनएसमधल्या नोंदी, आधी उतरवून घ्या आणि दुसरीकडे मांडून ठेवा.

बिलाचं म्हणाल, तर त्याच पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की केवळ पैशांच्या वादावरून नोंदणीधारकाला कोड नाकारता येत नाही. मेख ‘नोंदणीधारक’ या शब्दात आहे. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं असेल, तर हा हक्क त्याचा ठरतो, तुमचा नाही. म्हणून खात्यात नाव कोणाचं आहे ते आजच बघा. मात्र नाव किंवा ईमेल बदलला की बऱ्याच ठिकाणी 60 दिवस ट्रान्सफर अडतं. बदलण्याआधीच ही अट नाकारायची सोय काही रजिस्ट्रार देतात, ती विचारून घ्या.

हे सगळं डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसारख्या डोमेनचं. डॉट इनचा कारभार निक्सी या भारतातल्या संस्थेकडे आहे आणि त्याला आयकॅनची ही पॉलिसी लागू नाही, त्यामुळे तिथले नियम वेगळे बघावे लागतील.