पिवळी उलटी आणि ॲसिडिटीची अर्धी गोळी

ठाण्यात कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : पिवळी, फेसाळ उलटी म्हणजे ॲसिडिटीच, घरातली पँटोप्राझोलची गोळी अर्धी करून रोज सकाळी द्यावी, अपाय काहीच नाही, आणि दुखण्याची गोळी द्यायची झाल्यास हीच सोबत द्यावी, म्हणजे पोट सांभाळले जाते.

मुळात आम्लाला रंग नसतो. पिवळेपणा येतो तो आतड्यातून जठरात उलटे चढलेल्या पित्तामुळे. रात्रभर उपाशी राहिलेला कुत्रा पहाटे तसे ओकतो, हे खरे. पण बऱ्याचदा झोपण्यापूर्वी थोडे खायला दिले की ते थांबते, गोळी लागतच नाही. तशीच उलटी स्वादुपिंडाचा दाह, मूत्रपिंडाचा विकार, पार्व्हो हा विषाणूजन्य आजार आणि पावसाळ्यात बळावणारा लेप्टो हा जिवाणूजन्य ताप यांतही होते. वर्तकनगरला आमच्या इमारतीतल्या एका लॅब्राडोरला गेल्या मे महिन्यात चार दिवस हीच अर्धी गोळी चालू होती. पाचव्या दिवशी सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली आंब्याची कोय दिसली आणि पोट उघडावे लागले. गोळीने त्याला इजा केली नाही, चार दिवस मात्र खाल्ले.

'अर्धी गोळी' हे माप कोणाचे, हे संदेशात नाही. आपल्याकडची गोळी सहसा चाळीस मिलिग्रॅमची असते, म्हणजे अर्धीत वीस. जठरातले आम्ल कमी करणाऱ्या या वर्गातल्या औषधांची प्राण्यांतली नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराला ती पाचपट झाली. शिवाय गोळीवरचे आवरण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असते, त्यामुळे पँटोप्राझोलची गोळी मोडून किंवा कुटून देऊ नये. (याच वर्गातल्या ओमेप्राझोलच्या गोळीचे तुकडे मांजरांत परिणामकारक ठरल्याचे आढळले आहे, पण तो नियम सगळ्या गोळ्यांना लावता येत नाही.) नावामागे 'डी' लागलेल्या गोळीत डॉम्पेरिडॉनही असते, आणि ते जठराला अन्न पुढे ढकलायला लावते; वाट कोयीने बंद असताना हे ढकलणे घातक ठरू शकते.

'अपाय काहीच नाही' हे विधान मात्र सर्वांत सहज पटते, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने 2018 मध्ये या औषधांविषयी तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. जठरात व्रण असेल तर ओमेप्राझोल दिवसातून दोनदा देणे फॅमोटिडीन या दुसऱ्या प्रकारच्या आम्लनाशकापेक्षा सरस, पण व्रण नसलेल्या जठरदाहात किंवा स्वादुपिंडाच्या दाहात नेमाने आम्लनाशक देण्यास आधार नाही, असे त्यात म्हटले आहे. किडनीचा विकार असलेल्या म्हाताऱ्या मांजरांनाही ही गोळी सर्रास दिली जाते. प्रत्यक्षात अशा मांजरांच्या जठरातले आम्ल मोजले तेव्हा ते निरोगी मांजरांइतकेच भरले. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ दिलेले ओमेप्राझोल एकदम तोडले तर आम्ल उसळून येऊ शकते, म्हणून ते हळूहळू कमी करावे लागते. फॅमोटिडीनचा जोर तर सलग दिल्यास ओसरत जातो. आपल्या दमट हवेत बुरशीसाठी केटोकोनॅझोल चालू असेल, तर आम्ल घटल्यामुळे ते नीट शोषलेच जात नाही.

दुखण्याच्या गोळीबाबतचा सल्ला सरळ धोक्याचा आहे. मांजराला पॅरासिटामॉल मारते ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून. त्यात जठराचा संबंधच नाही. कुत्र्यांत आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडालाही इजा करतात, आणि तिथे आम्लाची गोळी काहीही सांभाळत नाही.

उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी किंवा फुगलेले पोट दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. मांजराने दोन दिवस अन्न सोडले तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागण्याची भीती असते, म्हणून तिथेही थांबू नये. जाताना दिलेल्या गोळ्यांची पट्टी, अर्धी वापरलेली असली तरी, सोबत न्यावी आणि ती कधीपासून, किती वेळा दिली ते न लपवता सांगावे.