स्लेटच्या हार्थवर व्हिनेगर, तारेची घासणी आणि जवसाचं तेल? जरा थांबा

इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर थंडी सुरू झाली की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. जुनं घर घेतलंय, फायरप्लेसपुढचा स्लेटचा हार्थ (म्हणजे विस्तवापुढची दगडी फरशी) पांढुरका पडलाय, तर म्हणे बेकिंग सोडा टाकून वर व्हिनेगर ओता, तारेच्या घासणीने घासा, मग जवसाचं तेल नाहीतर डब्ल्यूडी ४० (गंजलेल्या बिजागऱ्यांवर मारतात तो तेलाचा स्प्रे) चोपडा, दरवर्षी सीलर (पाणी आत जाऊ न देणारा लेप) मारा, दगड काळा कुळकुळीत. आणि शेवटची ओळ ठरलेली, गावाकडच्या कडप्प्याच्या ओट्यालाही हेच करा, दगड तो दगडच. यातलं जवळजवळ सगळं एकतर निरुपयोगी आहे नाहीतर नुकसानीचं, आणि एक गोष्ट तर घर पेटवू शकते.

शेवटच्या ओळीपासूनच सुरू करू. वेल्सची स्लेट, मग ती पेन्रिन खाणीतली जांभळट असो की ब्लायनाय फेस्टिनिओगची करडी, हा मुळात ५० कोटी वर्षांच्या आसपासचा समुद्रतळाचा चिखल, दाबून भाजून कडक झालेला. त्यात अभ्रक, क्वार्ट्झ वगैरे असतं, चुना नावापुरता. कडप्पा आणि शहाबादी म्हणजे चक्क चुनखडीचा दगड. ओट्यावर लिंबाची फोड राहिली की जो पांढरट डाग पडतो तो डाग नसतोच, आंबटाने तिथलं पॉलिश खाल्लेलं असतं, मग तो घासून जाणार कसा? कडप्प्यावर व्हिनेगर ओतायला सांगणाऱ्याने आपला स्वतःचा ओटा आधी दाखवावा.

आता कुणी म्हणेल, मग वेल्श स्लेटवर तरी चालेल ना. चांगल्या स्लेटला चमचाभर व्हिनेगरने फार काही होत नाही हे खरंय, छपरांवर ती शंभर-शंभर वर्षं पाऊस आणि कोळशाचा धूर झेलत आलीये. पण तुमच्या घरातला दगड वेल्सचाच आहे हे कशावरून? स्लेट म्हणून विकल्या जाणाऱ्या काही दगडांत चुन्याचं प्रमाण बरंच असतं, आणि काही वेळा तर सरळ काळा चुनखडी दगडच स्लेट म्हणून बसवलेला असतो. न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका, पाच-दहा मिनिटांनी पुसा. बुडबुडे आले किंवा जागा निस्तेज झाली तर समजा चुना आहे आणि आंबट काहीही त्याच्या जवळ नेऊ नका.

बरं, सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की जो फेस येतो त्याने लोक भारी खूश होतात. तो नुसता कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळे होतात, मागे उरतं सोडियम अॅसिटेटचं पाणी, जे सुकल्यावर दगडावर पांढरी खार सोडतं. म्हणजे पांढुरकेपणा घालवायला निघालात आणि नवा पांढुरकेपणा आणलात. सोडा एकटा मात्र उपयोगी आहे, तेलाच्या डागावर पाण्यात कालवून जाड लेप द्यायचा, रात्रभर सुकू द्यायचा, सकाळी झाडून टाकायचा.

तारेची घासणी नको. ओरखडे पडतात, आणि तारेचे बारीक तुकडे स्लेटच्या पदरांत अडकून गंजतात, मग तांबूस ठिपके. नायलॉनचा मऊ ब्रश पुरतो.

आता तेल. जवसाची चटणी खा, पण ते तेल हार्थला लावू नका. जवसाचं तेल (लिन्सीड ऑइल) वाळतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊन, आणि त्यात उष्णता तयार होते. तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं की ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, काडी न लावता. ही कुणीतरी घाबरवायला पसरवलेली गोष्ट नाहीये, अशा आगी खरंच लागतात. आधीच कुणी तेल लावून बसलं असेल तर फडकं बाहेर मोकळ्यावर पसरून सुकवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. दगडाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी झकास काळा दिसतो, म्हणून तर जुने लोक लावायचे, पण पुढे थर चिकट, पिवळट होत जातो, त्यावर काजळी आणि राख बसते, मग ते काढायला स्ट्रिपर (थर उतरवणारं रसायन) आणा. डब्ल्यूडी ४० तर ज्वलनशील आहे असं त्याच्या डब्यावरच लिहिलेलं असतं, ते विस्तवापुढे कशाला फवारायचं?

सीलरचंही तसंच, सरसकट दरवर्षी कशाला? चांगली स्लेट पाणी पितच नाही जवळजवळ, छपराच्या स्लेटच्या युरोपियन मानकात वरचा दर्जा ०.६ टक्क्यांपर्यंत पाणी शोषणाऱ्या स्लेटला मिळतो. पाण्याचा थेंब टाकून बघा. दहा मिनिटांत खाली गडद झालं नाही तर सीलरचे पैसे वाचले. गडद झालंच तर आत मुरणारा सीलर घ्या, वर पापुद्रा धरणारा नको, आणि किती उष्णता सोसतो ते डब्यावर वाचा.

फॉरवर्डमध्ये जे नाहीच ते खरं महत्त्वाचं. वरून राख गार वाटते पण आत विस्तव दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून घरातल्या नेहमीच्या व्हॅक्यूमने ओढू नका, पूर्ण गार झाल्यावर ब्रशने झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. तापलेल्या स्लेटवर गार पाणी कधीच नाही, तडा जातो किंवा पदर सुटतात. आणि राख असताना पाणी लावलं तर करडा रेंदा खाचांत जाऊन बसतो, त्यामुळे आधी कोरडं झाडणं, मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, पुसणं, साध्या पाण्याने परत पुसणं, कोरडं करणं. संपलं.

आणि हो, फायरप्लेसची चौकट संगमरवरी दिसत असेल तर एकदा टवका गेलेली जागा शोधा. व्हिक्टोरियन काळात स्लेटवर रंग चढवून, भट्टीत भाजून हुबेहूब संगमरवर करायची फॅशन होती. टवक्याखाली करडा दगड दिसला तर तो रंगच तुमचा ऐवज आहे, त्यावर व्हिनेगर, घासणी, सोडा काहीच नाही, ओलसर मऊ कापड एवढंच, आणि रंग सुटायला लागला असेल तर तेही नको, जाणकार माणूस बोलवा.