यंत्र निवडतंय, मग आम्ही का निवडायचं?

ताई, नमस्कार.

तुमचं म्हणणं असं, की आम्ही घरात ओला-सुका वेगळा करतो, गल्लीत गाडीवाला दोन्ही एकत्र ओततो आणि पुढे कोल्हापुरात बावड्याला झूम कचरा प्रकल्पावर निवडायला यंत्रं आहेतच, तर हा खटाटोप फुकटचा आहे. एकत्र ओतण्याची तक्रार अगदी रास्त. घनकचरा नियमांप्रमाणे वेगळा दिलेला कचरा वेगळाच न्यायला हवा. पण यंत्राकडून तुम्ही जी अपेक्षा करताय, ती त्याला पेलणारी नाही.

चाळणयंत्र, म्हणजे ट्रॉमेल, हा भोकं असलेला, जरा उतरता बसवलेला, गोल फिरणारा मोठा लोखंडी पिंप असतो. पहिल्या चाळणीची भोकं साधारण १०० मिमीची. त्याला फक्त आकार कळतो. भाजीच्या देठांबरोबर काचेचे तुकडे, रिमोटचे सेल, ब्लेड, गुटख्याच्या पुड्या असं सगळं खाली पडतं. पुढच्या पट्ट्यावर चुंबक लोखंड ओढून घेतो, बाकीचं माणसं हाताने निवडतात. खाली पडलेल्या त्या मालाचं खत तयार झालं की शेवटची चाळणी ४ मिमीची. काचेची बारीक कच तिच्यातूनही जाते. फुटलेल्या सेलमधले जड धातू तर खतात मुरलेले असतात, ते कुठलीच चाळणी काढू शकत नाही. असलं खत उसाच्या सरीत हाताने टाकायला कोण तयार होईल?

सर्वांत जास्त घोळ कॅरीबॅगची गाठ करते. ओला कचरा पिशवीत घट्ट बांधून दिला, की ती पिशवी न फुटता पिंपाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर येते, थेट सुक्यात. तिथे ती फुटते आणि आमटी पुठ्ठ्यावर सांडते. भिजलेल्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, भंगारवाला तो घेत नाही, घेतलाच तर वजनात कापतो. म्हणून ओल्याची बादली पिशवीविना ठेवा, तळाला वर्तमानपत्र घाला आणि खरकटं निथळून टाका.

आता दुधाची पिशवी घ्या. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, स्वच्छ असेल तर तिला भाव मिळतो. न धुतलेली पिशवी दोन दिवसांत आंबते, आतली साय चिकटून बसते, मग तिच्याकडे कुणी बघत नाही. अर्धी वाटी पाण्याने विसळून वाळत टाकली तरी पुरे. आणि कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, अर्धवट कापून लोंबता ठेवा. तो इवलासा तुकडा सुटला, की चाळणीतून थेट खतात जातो.

वेफर्सच्या चमकत्या पुड्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकावर एक चिकटवलेलं असतं, त्यांचा पुनर्वापर जवळपास होतच नाही. त्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांत असं होतं, की पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्यात किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता असेल तर तो भरावात, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, टाकायचा नाही. पण खरकट्याने ओला झाला, की त्याची बरीचशी उष्णता पाणी वाळवण्यातच खर्ची पडते.

खताचा ढीग दीड-दोन मीटर उंच, ओलावा ५० ते ६० टक्के, आतलं तापमान ५५ ते ६० अंश, आणि दर आठवड्याला पालटणं. हे जमलं तर पाच-सहा आठवड्यांत काम होतं. ढिगात प्लास्टिक असेल तर पाणी साचतं, हवा खेळत नाही, ढीग तापायच्या ऐवजी सडतो. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात वर शेड नसेल तर विचारूच नका, काळं पाणी वाहायला लागतं. करवंट्या मात्र ओल्यात टाकू नका, एवढ्या दिवसांत त्या कुजत नाहीत.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या. सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं एका डब्यात साठवा. मोबाईलची बॅटरी तर कचऱ्यात नकोच. गाडीत दाबली गेली तर पेट घेते.

राहिला गाडीवाल्याचा प्रश्न. विसळून वाळवलेल्या सुक्याला वास येत नाही, तो पंधरा दिवस पोत्यात सहज राहतो. त्यातलं विकण्याजोगं थेट भंगारवाल्याला द्या, उरलेल्या पुड्या महिन्यातून एखाद्या दिवशी गाडीत द्या. बाकी रोज गाडीत फक्त ओलाच टाका. मग तुमच्या घरचा पुठ्ठा आणि आमटी एकत्र ओतायला गाडीवाल्याच्या हातात काही उरणारच नाही.