ग्विदोने ‘सा रे ग म’ चोरलं नाही

‘ग्विदो नावाच्या इटालियन पाद्र्याने आपली सरगम अरबांकडून उचलली आणि दो रे मी म्हणून खपवली. पुरावा? रे दोन्हीकडे आहे, आणि गॅमट (पाश्चात्त्य संगीतातला स्वरांचा पट्टा) म्हणजे आपलं ग्राम (जुन्या संगीतशास्त्रातला स्वरांचा संच)!’ व्हॉट्सॲपवरच्या या मजकुरातलं एकच खरं: सरगम जुनी आहे. तमिळनाडूत कुडुमियामलैला 7व्या शतकातल्या शिलालेखात स्वराक्षरं कोरलेली आहेत. ग्विदो 11व्या शतकातला. पण आपलं आधीचं, म्हणून त्याचं चोरीचं, हे कुठलं गणित?

आधी ‘रे’ बघू. ग्विदो बेनेडिक्टिन साधू, पोंपोसाच्या मठातला. त्याची शिकवण्याची रीत तिथल्या सहकाऱ्यांना खुपली आणि तो आरेत्सोला गेला. (घराण्यांचे किस्से ऐकलेल्यांना यात नवल वाटायचं नाही.) कधी न ऐकलेलं गाणं मुलांना लिहिलेलं नुसतं बघून म्हणता यावं, हा त्याचा ध्यास. मिखाएल नावाच्या साधूला लिहिलेल्या पत्रात त्याने युक्ती सांगितली आहे. संत योहानच्या एका स्तोत्राचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो: ‘उत क्वेआंत लाक्सिस, रेसोनारे फिब्रिस, मीरा गेस्तोरुम, फामुली तुओरुम, सोल्वे पोल्लूती, लाबीई रेआतुम’. सुरुवातीची अक्षरं उचला: उत, रे, मी, फा, सोल, ला. चाल पाठ झाली की स्वरांच्या जागा पाठ. म्हणजे त्याचा रे ‘रेसोनारे’तला, आपला ऋषभातला. आपल्या जुन्या ग्रंथांत तर तो ‘रि’ आहे. कर्नाटक संगीतात आजही.

‘दो’ ग्विदोने म्हटलाच नाही. उतच्या जागी तो आला 17व्या शतकात. ‘ला’नंतरची सातवी ‘सी’सुद्धा नंतरचीच. सात स्वर चोरणाऱ्याकडे नावं सहाच कशी उरली? कारण त्याला सप्तक मोजायचंच नव्हतं. स्वरांना ए ते जी अशी सात लॅटिन अक्षरं आधीपासून होती. सहाच्या मधोमध, मी आणि फा यांच्यात, अर्ध्या स्वराचं अंतर पडतं. गाणाऱ्याने ते नेमकं ओळखावं, एवढ्यासाठी ही नावं.

गॅमटचं म्हणाल तर तो गामा आणि उत यांचा जोड. ‘जी’ हे अक्षर वरच्या स्वराला दिलेलं होतं, म्हणून सगळ्यांत खालच्या स्वराला ग्रीक गामा मिळाला. ग्रामाशी नुसता कानाला भासणारा सारखेपणा.

अरबांचा तर्क मात्र आपल्या मंडळींचा नाही. तो युरोपातल्याच अभ्यासकांनी 17व्या-18व्या शतकात मांडला, आणि तोही ही स्वरनावं अरबी अक्षरांच्या नावांवरून आली असा. सरगमीचा त्यात संबंध नाही.

गंमत म्हणजे ग्विदोचं खरं मोठं काम या मजकुरात येतच नाही. गाणं कागदावर लिहिताना त्याने आडव्या रेघा आणि त्यांच्या मधल्या जागा, दोन्हींवर स्वर बसवले. एफ या अक्षराच्या स्वराची रेघ लाल, सी या अक्षराच्या स्वराची पिवळी. गाणं शिकायला पूर्वी दहा वर्षं लागायची ते आता एक-दोन वर्षांत जमतं, असं तो सांगतो. पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला रोमला बोलावून अशा रेघांवर लिहिलेली त्याची गाण्यांची पोथी पाहिली. चोरी शोधायचीच तर या रेघांची शोधा. पण आपल्याकडे त्या नव्हत्याच. भातखंडे-पलुस्करांच्या स्वरलिप्याही अक्षरांच्याच.